दोर, लीडर आणि गाठ
(मंडळाच्या सभासदांपुढे केलेले भाषण)



ज्या व्यासपीठावरून साहित्य, संगीत आणि इतिहास ह्या विषयांवर विद्वानांनी आपणांस मार्गदर्शन केले, त्याच व्यासपीठावर आम्ही मासे धरण्याच्या दोरीवर बोलावयास उभे आहोत. हे धाडस आहे खरे; परंतु आमच्या पाठीशी एक राजा उभा आहे. कल्याणीचा चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर ह्याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातील ‘मत्स्यविनोद’ ह्या प्रकरणात गळ, दोर, काठी आणि आमिष ह्यांचा विचार आहे. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा ह्यांनी १९५१ साली ह्या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. तेव्हा राजाला जे वर्ज्य वाटले नाही, ते आम्हांलाही क्षम्य मानावे.

लखनौकराला हा विषय समजावणे अवघड नाही. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी येथे ‘जमघट’ असतो आणि सारे आकाश पतंगांनी भरून जाते. चरखीवर असते ती साधी सद्दी. पतंगाकडील टोकाला जोडलेला असतो मांजा. गळाच्या दोरीचेही तसेच आहे. रिळावर मुख्य दोर आणि गळाजवळ दोन-चार हात वेगळ्या जातीचा तुकडा. ह्या तुकड्याला सर्वत्र ‘लीडर’ म्हणतात; आम्हीही तेच म्हणू.

आता दोर कोणता घ्यावा? पूर्वी लीडरसाठी रेशमाच्या किड्याच्या ग्रंथी ताणून केलेली तात वापरीत. ती कोरडी असता ठिसूळ, म्हणून आधी भिजवावी लागे. १९३५ साली अमेरिकेत कॅरदर्स ह्या रसायनज्ञाच्या प्रयोगशाळेत नायलॉन जन्मास आले आणि पुढे ती तात मागे पडली. कोकणात ज्याला तंगूस म्हणतात तो हाच. तंगूस ताणला जातो, त्यामुळे माशाचा हिसका सोसतो. मात्र पाणी पिऊन थोडा दुबळा होतो आणि उन्हाने कुजतो. दुसरा प्रकार फ्लुओरोकार्बनचा. त्याची घनता पाण्याच्या पावणेदोन पटींहून थोडी अधिक, म्हणून तो बुडतो. त्याचा अपवर्तनांक सुमारे १.४२, म्हणजे नायलॉनपेक्षा पाण्याच्या १.३३ ला जवळचा, म्हणून पाण्यात कमी दिसतो. शिवाय खडकावर घासला तरी टिकाव धरतो. तिसरा प्रकार पॉलिएथिलीनच्या धाग्यांची वीण घातलेला दोर. तो बारीक असूनही बळकट, जवळजवळ न ताणणारा आणि पाण्यावर तरंगणारा. माशाने आमिषाला तोंड लावले की बोटाला तत्काळ कळते. पण तो गुळगुळीत असल्याने गाठीतून निसटतो आणि खडकाच्या धारेवर लवकर कापला जातो.

म्हणूनच दोहोंची सांगड घालावी लागते. आमच्या रायगडच्या खाड्यांतील जिताडा घ्या. इंग्रजीत ह्याला आशियाई समुद्री बास म्हणतात; अमेरिकेच्या तळ्यांतील बास निराळ्या कुळातला. जिताड्याच्या कल्ल्यांच्या झाकणाची कड सुरीसारखी असते. विणलेला दोर थेट गळाला बांधला तर ती तो सहज कापते. तेथे जाड लीडर हवाच. उघड्या, निवळ पाण्यात मात्र बारीक लीडर पुरतो.

परंतु उत्तम दोर आणि उत्तम लीडर ह्यांच्यामध्ये असते ती गाठ, आणि येथेच आम्ही एकदा अपराधी ठरलो. कुमाऊँच्या पायथ्याशी रामगंगेवर आम्ही महासीरसाठी गेलो होतो. नवा विणलेला दोर आणि तंगुसाचा लीडर आम्ही आमच्या जुन्या सवयीच्या गाठीने, पाच वेढ्यांत जोडला. मासा लागला, एकदाच धावला आणि दोर सैल पडला. दोर कच्चा निघाला म्हणून आम्ही परतल्यावर चौकातील एका वृद्ध पतंगबाजापुढे कुरकूर केली. त्यांनी दोराचे टोक बोटांत धरून पाहिले आणि एवढेच म्हणाले, “जनाब, डोर कटी नहीं, गाँठ खुली है।” टोक विस्कटलेले नव्हते, अखंड होते. तो मासा गळ आणि दोन हात लीडर ओढीत गेला होता. तो लीडर कोठे मुळाशी अडकला असेल, तर त्या माशाचे काय झाले असेल, हा विचार आम्हांस अजून सोडीत नाही.

तेव्हापासून आमचे नियम ठरले आहेत. गळाला विणलेला दोर बांधताना तो दुहेरी करून नेढ्यातून ओवावा, त्या दुहेरी दोराची साधी गाठ मारावी, उरलेल्या फासातून गळ काढावा आणि मग आवळावे. ही ‘पालोमार’ गाठ. दोन दोर जोडताना प्रत्येकाने दुसऱ्याभोवती वेढे घ्यावेत. तंगुसाचे चार-पाच, विणलेल्याचे आठ तरी. ही दुहेरी ‘युनी’. आवळण्यापूर्वी गाठ थुंकीने ओली करावी, कारण कोरड्या घर्षणाच्या उष्णतेने तंगूस भाजतो. मग हाताने जोराने ओढून पाहावे; सुटायची ती हातात सुटावी, माशाच्या तोंडी नव्हे. दोरात नकळत पडलेली साधी गाठ त्याचे बळ निम्म्याच्या आसपास आणते. ती दिसताच तेवढा दोर कापून टाकावा.

कापलेला तुकडा मात्र खिशात घालावा. नायलॉन कुजून माती होत नाही. त्याच नायलॉनच्या मांजावर २०१७ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने बंदी घातली, कारण त्याने पक्ष्यांचे पंख आणि माणसांचे गळे कापले. आपल्या शहराला लागून कुकरैलच्या वनात १९७८ पासून घडियालांची पिल्ले वाढवून नद्यांत सोडली जातात. ज्या नदीत ती सोडावयाची, त्याच नदीत आपण फास टाकून यावे काय? सोनेरी महासीर तर आज संकटग्रस्त जातींत गणला जातो. तो गळाला लागलाच तर ओल्या हाताने सोडवून परत पाण्यात द्यावा.

सोमेश्वराच्या काळी दोर झाडाच्या धाग्यांचा होता. नदीत राहिला तरी काही काळाने नदीच त्याला पचवी. आमचा दोर अधिक बळकट आहे, म्हणून आमची जबाबदारीही अधिक. गाठ नीट बांधावी, आणि बांधलेले मागे सोडून येऊ नये, एवढेच सांगून आपली रजा घेतो.