दहावीनंतर ड्रॉइंगची वाट

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. स्मरणिकेसाठी बोलल्याप्रमाणेच उतरवून घेतले आहे.)



समितीने आम्हाला सांगितलं की मुलांच्या शिक्षणावर दोन शब्द बोला. शिक्षणावर बोलणारे पुष्कळ आहेत. 'शिका' हे सगळेच सांगतात. पण काय शिका, कुठे शिका, किती वर्षं लागतात आणि मध्येच आपलं पोरगं कुठे गळतं, हे सांगणारा भेटत नाही. म्हणून आम्ही आज सगळं सोडून एकच धंदा घेऊन आलो आहोत. ड्रॉइंगचा. देवळाचं, डोंगराचं चित्र नव्हे. मशीनच्या पार्टचं ड्रॉइंग, घराचा प्लॅन, पुलाचा नकाशा. सरकारी भाषेत हे काम करणाऱ्याला आरेखक म्हणतात, आपण ड्राफ्ट्समन म्हणतो.

आम्ही सूतगिरणीत रिंगफ्रेम खात्यात आयुष्य काढलं. तिथली एक गोष्ट सांगतो. मशीनच्या एका ब्रॅकेटचा आतला कोपरा सारखा तडकायचा. आमच्यातला एक जुना फिटर, हाताला मशीनची जाण असलेला माणूस, तो दर वेळी सांगायचा, "साहेब, कोपरा काटकोनात नको, गोल करा, जोर तिथंच येतो." बोटानं हवेत काढून दाखवायचा. साहेब मान डोलवायचे आणि स्टोअरमधून पुन्हा तसाच ब्रॅकेट यायचा. कारण फौंड्रीला जातं ते ड्रॉइंग, फिटरचं बोट जात नाही. पुढे आयटीआयचा ड्राफ्ट्समन झालेला एक मुलगा अप्रेंटिस म्हणून आला. त्यानं फिटरला शेजारी बसवलं, तोच कोपरा कागदावर काढला, आत ५ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई दिली, मापं टाकली, खाली सही केली. तो कागद गेला, तसा ब्रॅकेट आला आणि तडकणं थांबलं. अक्कल फिटरची, वीस वर्षांची. पण ती कागदावर आली तेव्हाच वरच्यांना ती दिसली.

कुठलंही कारखान्याचं ड्रॉइंग घ्या. खाली उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. त्यात पार्टचं नाव, माल कुठला, स्केल किती हे लिहितात आणि बाजूला तीन रकाने असतात. काढणारा, तपासणारा, मंजूर करणारा. आपल्या लोकांनी विटा वाहिल्या, सेंट्रिंग ठोकलं, फौंड्रीत मोल्डिंगची वाळू कुटली. पण त्या तीन रकान्यांत आपलं नाव नव्हतं. आमचं आजचं सगळं बोलणं त्या तीन रकान्यांचं आहे. काढणारा बहुतेक आयटीआयवाला असतो, तपासणारा डिप्लोमावाला आणि मंजूर करणारा डिग्रीवाला. आपल्या मुलानं पहिल्या रकान्यातून निघून तिसऱ्या रकान्यापर्यंत जावं, अशी वाट आज कायद्यानं उघडी आहे.

ती वाट अशी. सुरुवात शाळेतच होते, पण कोणाच्या लक्षात येत नाही. चित्रकलेचा तास म्हणजे मोकळा तास असं आपण समजतो. राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशा दोन ग्रेड परीक्षा असतात. त्यात कर्तव्यभूमिती असते, इंटरमिजिएटला घनभूमिती असते, अक्षरलेखन असतं. घनभूमिती म्हणजे काय? शंकू, घन, प्रिझम समोरून कसा दिसेल, वरून कसा दिसेल, हे काढणं. हेच पुढे मशीन ड्रॉइंग होतं. शिवाय इंटरमिजिएट पास झालेल्याला दहावीत वाढीव गुण मिळतात. ज्या गावात टेक्निकल हायस्कूल आहे तिथं आठवीपासून तंत्र विषय घेता येतो. तो 'ढ' मुलांचा विषय आहे असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

दहावीला गणित-विज्ञान असलं की आयटीआयला ड्राफ्ट्समनचे दोन ट्रेड आहेत, सिव्हिल आणि मेकॅनिकल. दोन्ही दोन-दोन वर्षांचे. ते झालं की डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं. डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या डिग्रीलाही थेट दुसरं वर्ष. आता हिशेब करा. आयटीआयची २, डिप्लोमाची २, डिग्रीची ३, मिळून ७ वर्षं. बारावी सायन्स करून डिग्रीला गेलेल्याला २ आणि ४, म्हणजे ६. दहावीवरून सरळ डिप्लोमा धरला तरी ३ आणि ३, म्हणजे ६. आपल्या मुलाचं एकच वर्ष जास्त जातं. आणि बारावीवाला मध्ये थांबला तर त्याच्या हातात काय? आपला मुलगा दोन वर्षांनी थांबला तरी ड्राफ्ट्समन आहे, चार वर्षांनी थांबला तर डिप्लोमा इंजिनिअर आहे. बाप आजारी पडला, गिरणीत ले-ऑफ आला, तर मुलगा दोन वर्षं नोकरी करून पुन्हा पुढच्या पायरीवर चढू शकतो. ज्या घरात महिन्याचा पगार महिन्यालाच संपतो, तिथं आम्हाला हे फार मोठं वाटतं.

ज्यांना घरं, इमारती काढायच्या आहेत त्यांनी आर्किटेक्चरचं बघावं. बी.आर्क. पाच वर्षांचं, त्याला 'नाटा' नावाची परीक्षा लागते. डिप्लोमाला गणित असेल तर डिप्लोमावाल्यालाही ती देता येते. १९७२ च्या कायद्यानं नोंदणी असल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही, हे लक्षात ठेवा. आणि सरकारी खात्यांत अनुरेखक, आरेखक, कनिष्ठ अभियंता अशी पदं असतात, त्यांच्या जाहिराती वाचायची सवय लावा.

मग वाट आहे तर मुलं पोचत का नाहीत? आमच्या पाहण्यात मुलं पायरीवर पडत नाहीत, दोन पायऱ्यांच्या मधल्या फटीत पडतात.

पहिली फट दहावीच्या सुट्टीत. निकाल लागतो आणि मग बाप दाखल्यांच्या मागे धावतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास. त्यात जात पडताळणी. आपल्याला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. आजोबांच्या, पणजोबांच्या शाळेच्या दाखल्याचा उतारा नाहीतर जुना महसुली कागद. तो गावाकडच्या शाळेत असतो, तिथलं रजिस्टर फाटलेलं असतं, हेडमास्तर रजेवर असतात. तेवढ्यात प्रवेशाची तारीख निघून जाते. हे कागद मुलगा आठवीत असतानाच गोळा करायचे. आज इथे बसलेल्या प्रत्येक बापानं घरी जाऊन ट्रंक उघडावी. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर ऑनलाइन भरायचा असतो, त्याला आधार जोडलेलं बँक खातं लागतं. तेही आधीच करून ठेवा.

दुसरी फट गणिताची. हिच्यावर कोणी बोलत नाही. आयटीआयला वर्कशॉपपुरतं गणित असतं. तो मुलगा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचं गणित न करता एकदम दुसऱ्या वर्षात बसतो. समोर स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स, त्यात त्रिकोणमिती, समीकरणं, आणि बहुतेक पुस्तकं इंग्रजी. पहिल्या सहामाहीत दोन विषय राहतात. घरी सांगायची लाज वाटते. मग तो एखाद्या वर्कशॉपला लागतो आणि तिथंच राहतो. डिप्लोमातून डिग्रीला जाणाऱ्याचं तेच. बाकीच्यांचं कॅल्क्युलस पहिल्या वर्षात झालेलं असतं, ह्याचं तेवढं झालेलं नसतं. मुलगा हुशार नाही असं नव्हे. मधल्या दोन महिन्यांत त्याला बसवून ते गणित करून घेणारा कोणी नसतो, एवढंच.

इथे आम्हाला एक कडू गोष्ट बोलायची आहे. 'तुमच्या मुलांनी काहीतरी हातकाम शिकावं' असं आपल्याला गोड आवाजात सांगणारे लोक आहेत. हातकामाला आमचा नमस्कार आहे, आम्ही त्याच्यावरच जगलो. पण आयटीआय म्हणजे आपल्यासाठी शेवटचा दरवाजा, असं जे गृहीत धरतात, त्यांच्याशी आमचं पटत नाही. बाबासाहेबांनी ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉयला निवेदन दिलं. त्यात सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपांत आपल्या मुलांना अप्रेंटिस म्हणून शिकता यावं ही मागणी होती, आणि त्याच निवेदनात विज्ञान-तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्याही मागितल्या होत्या. वर्कशॉप आणि कॉलेज, दोन्ही एका कागदावर. आपण त्यातलं अर्धंच घेऊन बसायचं का?

आता कॉम्प्युटरचं. गल्लोगल्ली तीन महिन्यांचे कॅडचे क्लास आहेत आणि आईबाप कर्ज काढून फी भरतात. कॉम्प्युटर शिकलाच पाहिजे, आज ड्रॉइंग बोर्डवर टी-स्क्वेअर लावून काम करणारं ऑफिस शोधून सापडत नाही. पण कॅड ही पेन्सिल आहे. एका मुलाला आम्ही विचारलं, २५ मिलिमीटरचा शाफ्ट २५ मिलिमीटरच्या भोकात फिरवायचा आहे, मापं काय टाकशील? तो म्हणाला, दोन्हीकडे २५. अहो, तसा तो फिरणार नाही! भोक २५.००० ते २५.०२१ आणि शाफ्ट २४.९८० ते २४.९९३ असं काहीतरी द्यावं लागतं, तेव्हा तेलाला जागा राहते. हे कॉम्प्युटर स्वतःहून सांगत नाही. फौंड्रीचं तसंच. बिडाचं ओतकाम थंड होताना मीटरमागे साधारण १० मिलिमीटर आकसतं, स्टीलचं त्याच्या दुप्पट. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. कोल्हापूर, इचलकरंजीच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मुलांना शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत जाऊन हे डोळ्यांनी बघता येतं. हे ज्याला कळलं त्याला कुठलंही सॉफ्टवेअर दोन महिन्यांत येतं. आणि फीचं म्हणाल तर लिब्रेकॅड, फ्रीकॅड ही फुकट मिळतात. सुरुवातीला तेवढी पुरतात.

मागच्या महिन्यात आम्ही इथल्या चार मुलांपुढे गिरणीतला तुटका गिअर ठेवला. दात मोजा म्हटलं. ४० भरले. व्हर्नियरनं बाहेरचा व्यास घ्यायला लावला, ८४ मिलिमीटर. आता दातांत २ मिळवा, ४२ झाले. ८४ ला ४२ नं भागा. उत्तर २. हे त्या गिअरचं मॉड्यूल, हा आकडा सांगितला की तसाच गिअर पुन्हा कापून मिळतो. (जुन्या विलायती मशीनला इंचाचा हिशेब असतो, तो निराळा.) चौथीचा भागाकार आहे. पण सातवीतल्या एका मुलीनं तो सगळ्यांच्या आधी केला, आणि मग विचारलं की एक दात तुटला होता तो का मोजला. म्हणजे तिला कळलं होतं.

मुलींच्या आयांना म्हणून सांगतो, मुलीनं काय आयटीआय करायचा, असं म्हणू नका. ड्राफ्ट्समन सिव्हिलला मुली असतात, त्यांच्यासाठी जागा राखीव असतात, काम बसून डोक्यानं करायचं आहे.

समितीकडे आमची मागणी फार नाही. दर रविवारी वंदना झाल्यावर दहा ते बारा हा हॉल द्या. दोन ड्रॉइंग बोर्ड आम्ही मिळवले आहेत, एक निवृत्त ड्राफ्ट्समन शिकवायला तयार आहेत, आणि डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाची दोन मुलं गणित घेणार आहेत. सुट्टीत, म्हणजे आयटीआयचा निकाल ते डिप्लोमाचं कॉलेज सुरू होणं ह्या मधल्या काळात, गणित रोज संध्याकाळी. कागदपत्रांसाठी महिन्याच्या पहिल्या रविवारी बापांनी यायचं, ट्रंकेतले कागद घेऊन. मुलांनी येताना एच आणि टू-एच पेन्सिल, सेट-स्क्वेअरची जोडी आणि कोरे कागद आणावेत. ज्याला घेता येत नाही त्यानं नुसतं यावं, पेन्सिली आमच्याकडे आहेत. नावं आज जेवणाच्या आधी पायरीजवळ लिहून घेत आहोत.

जयभीम.