थव्याची मुखत्यारी



नौदलाच्या 'आयएनएस शिवाजी' या प्रशिक्षणसंस्थेच्या शेजारून कुरवंड्याकडे जाणारी वाट पुढे घाटाने कोकणात उतरते. १६६१ च्या फेब्रुवारीत शाहिस्तेखानाने धाडलेला सरदार कारतलबखान रायबागन या स्त्री-सरदारासह याच घाटाने उतरला, आणि उंबरखिंडीच्या रानात दबा धरून बसलेल्या शिवाजी महाराजांच्या मावळ्यांच्या तुकड्यांनी त्याची पुढची व पाठची वाट एकदमच रोखली. विखुरलेल्या तुकड्यांनी एकमेकींचा अंदाज राखून एकाच मनाने लढावे, ही युद्धविद्या आज यंत्रांना शिकविली जात आहे, आणि म्हणूनच हा विषय मी येथे मांडतो.

१५ जानेवारी २०२१ रोजी दिल्लीत सेनादिनाच्या संचलनप्रसंगी आपल्या सैन्याने ७५ ड्रोनांचा थवा जाहीरपणे उडविला. अशा थव्यातील प्रत्येक यंत्र आपले स्थान व वेग शेजाऱ्यांस कळवीत राहते. क्रेग रेनल्ड्स यांनी १९८७ मध्ये संगणकावर दाखविले की, शेजाऱ्यावर आदळू नये, त्याच्या दिशेने उडावे आणि समूहापासून फार दूर जाऊ नये, एवढे तीन नियम पाळले, तरी ज्वारीच्या शेतांवर उतरणाऱ्या भोरड्यांसारखा डौलदार थवा सरदारावाचून सिद्ध होतो. म्हणून चार ड्रोन पाडले तरी उरलेले त्यांची कामगिरी आपसांत वाटून घेतात.

या यंत्रांना अर्धस्वायत्त म्हणतात; उडण्याची मुखत्यारी यंत्राकडे, प्रहाराचा हुकूम माणसाकडे, अशी ही वाटणी. परंतु एक अधिकारी आणि डझनावारी यंत्रे असा हिशेब झाला, आणि प्रत्येक लक्ष्यावर संमती देण्यास क्षणच उरला, म्हणजे ती संमती केवळ शिक्क्यापुरती राहते. त्यातून शत्रूने लहरींचा गोंधळ माजवून संपर्क तोडला, तर हुकूम देणारा तर नाहीच, मागे घेणाराही कोणी उरत नाही. हुकूम मागे घेणारा नसावा, याचीच मला अधिक चिंता आहे.

कारण उंबरखिंडीचा शेवट केवळ माऱ्याने झाला नाही. पाण्यावाचून तळमळणाऱ्या सैन्याची दैना पाहून रायबागनने शरण जाण्याचा सल्ला दिला, खानाने वकील पाठविला, आणि महाराजांनी खंडणी घेऊन त्यास वाट दिली. कवींद्र परमानंदांनी 'शिवभारता'त हा प्रसंग वर्णिला आहे. विनंती ऐकून मारा थांबविण्याचा अधिकार ज्याच्या हाती होता, असा पुरुष तेथे हजर होता. १९०७ च्या हेग नियमावलीनेही शस्त्र खाली ठेवून शरण आलेल्यास ठार मारणे निषिद्ध ठरविले आहे. मात्र ते शरण येणे ओळखावयास कोणी पाहिजे.

यास्तव माझे स्पष्ट मत असे की, संपर्क तुटताच थव्याचा प्रहाराधिकार आपोआप रद्द व्हावा, यंत्रांनी परत फिरावे अथवा निर्जन जागी उतरावे, आणि ही अट खरेदीच्या करारातच लिहिलेली असावी. यामुळे शत्रूला केवळ संपर्क तोडून आपला थवा निकामी करता येईल, हा सेनाधिकाऱ्यांचा आक्षेप यथार्थ आहे, त्याने काही मोहिमा वायाही जातील. तो तोटा पत्करूनच मी ही मागणी करीत आहे.