क्रीडादिन सगळ्या घरांचा
(डोंबिवलीतील बालवाडी-शिक्षिकांसमोर केलेले भाषण)

बालवाडीच्या क्रीडादिनात आयांनी सुईत दोरा ओवायचा आणि बाबांनी रस्सी ओढायची, ही वाटणी कोणी ठरवली? चार वर्षांचं मूल ती बघतं आणि शिकतं. म्हणून खेळ बदलू या. मिसळलेले राजमा-चवळी बाबांनी मुलासोबत निवडावेत. रस्सी आयांनी ओढावी. जुनी साडी सगळ्यांनी कडेने धरून तिच्यावर चेंडू नाचवावा, पडू द्यायचा नाही. इथे नंबर कोणाचाच नाही.

कार्यक्रम रविवारी ठेवा. ठाणे-कल्याणहून लोकलने कामावर जाणाऱ्या बाईला मधल्या वारी रजा मिळत नाही. मूल गर्दीत तिला शोधत राहतं. सूचनेत ‘आई-बाबांची जोडी’ नको, ‘घरचं कोणीही’ लिहा. एकट्या बाईचं, आजीजवळ वाढणारं मूल कडेला उभं राहता कामा नये.

ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीत काम सुरू केलं, ते शंख-शिंपले, पानं-फुलं अशा हाताशी असलेल्या साधनांवर. आपल्यालाही साडी, दोरी, मूठभर कडधान्य पुरेल. बाबांना निवडायला बसवायचं धाडस मात्र आपणच करायचं आहे.