नात्यांचा नकाशा



ज्याची उमर मोंढ्यातल्या हमालांत गेली, त्याने खेळांवर व्याख्यान द्यावे याचे काहींना नवल वाटेल. पण ज्या खेळांविषयी मी बोलणार आहे, त्यांचा पट आमच्या कामाच्या फार जवळचा आहे. त्यावर घरे नाहीत, सोंगट्या नाहीत. माणसांची नावे आहेत आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा आहेत.

टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. प्रत्येकजण एक पात्र घेतो, त्याच्या तोंडून बोलतो, आणि सगळे मिळून गोष्ट पुढे नेतात. सोंग घेणे आपल्याला नवे नाही. येथे फासे असतात, नियम असतात आणि प्रेक्षक मात्र नसतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ निघाला, तेव्हापासून हा प्रकार रूढ झाला. त्यात पात्राची ताकद, चपळाई, बुद्धी आकड्यांत मांडतात. पोते काट्यावर ठेवावे तसा माणूस एकटा तोलायचा.

पुढे काहींनी निराळी वाट धरली. २००९ साली जेसन मॉर्निंगस्टार यांचा ‘फियास्को’ आला. त्यात शेजारी बसलेल्या दोघांमध्ये फाशांच्या आधाराने एक नाते ठरते आणि त्याची चिठ्ठी दोघांच्या मधोमध राहते. ते एकट्या कोणाचे नसते.

समजा, लातूरच्या मोंढ्यावर असा डाव मांडला. शेतकरी, आडत्या, खरेदीदार, मापाडी आणि हमाल असे पाच जण गोल बसले. शेतकरी-आडत्यात उचलीचे नाते, आडत्या-खरेदीदारात उधारीचे. मापाड्याच्या मुलीच्या लग्नाला खरेदीदाराने पैसे दिलेले. मापाडी आणि हमाल साडू. हमाल आणि शेतकरी एका गावचे. आता सोयाबीनच्या वजनावरून तंटा निघाला. हमालाने डोळ्यांनी पाहिले आहे. बोलला तर साडू अडकतो. गप्प राहिला तर गावात तोंड दाखवता येत नाही. त्याच्या दंडातले बळ येथे काय कामाचे? त्याला हलवतात त्या दोन रेघा. नकाशा गोष्टीची शोभा म्हणून काढलेला नसतो, तो गोष्ट चालवतो.

रॉबिन लॉज यांच्या २०१३ सालच्या ‘हिलफोक’मध्ये याच्याही पुढचे पाऊल आहे. मला तुझ्याकडून काय हवे आणि तू ते का देत नाहीस, हे आरंभीच ठरवायचे. मग एकजण दुसऱ्याकडे मनातली गोष्ट मागतो. मागणी मान्य झाली तर देणाऱ्याला एक टोकन मिळते. नाकारली तर मागणाऱ्याला. म्हणजे नकारही वाया जात नाही, तो पुढच्या वेळेसाठी शिलकीत पडतो. जगात तसे होत नाही. हमालाला दहा वेळा नकार मिळाला तर अकराव्या वेळी तो मागतच नाही. युनियनच्या नोंदवहीचे काम हेच, की नकाराची शिल्लक बुडू नये.

आणि एखादी रेघ मुळात नसतेच, तिचे काय? पोती उचलणाऱ्याला पेढीवाला खुशाल म्हणे, “हा माझा नोकर नव्हे.” टोळी टोळीची, मालक मालकाचा. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी-हमाल कायदा झाला. मंडळाकडे मालकाची नोंद, कामगाराचीही नोंद आणि मजुरी मंडळामार्फत, अशी त्याची रचना. जी रेघ कोणी मान्य करीत नव्हते, ती कायद्याने कागदावर ओढली. सगळ्यांपर्यंत ती अजून पोचलेली नाही, हे काम करणाऱ्याला सांगावे लागत नाही.

कोणी म्हणेल, असा नकाशा मुकादमाच्या डोक्यातही असतो. खरे आहे. कोण कोणाचा मेहुणा, कोणावर किती उचल, हे तो चांगले जाणतो, आणि संप फोडायचा झाला की नेमकी तीच रेघ ओढतो. मग फरक कोठे राहिला? फरक असा, की त्याचा नकाशा खिशात असतो आणि खेळातला टेबलावर उघडा. खेळात नाते दोघांना ठाऊक असते, दोघांनी कबूल केलेले असते, आणि दोघांपैकी कोणीही त्यावर बोलू शकतो.

आपल्याकडचा सर्वांत प्रसिद्ध डाव आठवा. द्यूतसभेत द्रौपदीने विचारले, आधी स्वतःला हरलात की मला? सारी सभा गोंधळली. नाते दोघांचे, आणि पणाला मात्र एकाने लावले. तिला कोणी विचारलेच नव्हते.

परीक्षा संपल्या आहेत, मुले घरी आहेत. एका दुपारी त्यांना घेऊन बसा. कागदावर पाच नावे लिहा, त्यांत एखादे मोंढ्यातलेही असू द्या. दोन नावांमध्ये रेघ ओढण्यापूर्वी ती दोन्ही पात्रे खेळणाऱ्यांना विचारा, आणि मग डाव सुरू करा. कोण जिंकले हे विचारण्याची गरज पडणार नाही.