सुपरचार्जरच्या गाडीला कोणता ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह लावायचा?

मी जबलपूरहून बोलतोय. आमच्याकडे मराठी बोलणारी घरं पुष्कळ आहेत. कुणाचे आजोबा रेल्वेत होते, कुणाचे गन कॅरेज फॅक्टरीत, कुणाचे वडील व्हेईकल फॅक्टरीत. त्यामुळे लहानपणापासून घरात गप्पा व्हायच्या त्या गिअरबॉक्सच्या आणि पंपाच्या. माझा मराठी शब्द मधेच हिंदीकडे घसरला तर सांभाळून घ्या.

आजचा विषय ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह. म्हणजे ॲक्सिलरेटर सोडला की ‘फुस्स’ करणारी ती झडप. तरुण मुलं ती आवाजासाठी विकत घेतात. मला राग येत नाही, त्या वयात मीही सायकलच्या चाकात पत्ता खोचून फटफट आवाज काढत होतोच. पण सायकल बंद पडली तर पाय टेकवता येतात.

मे महिन्यात एक मुलगा गाडी घेऊन आला. पेट्रोल सेडान, मुंबईत काम करून घेतलेलं. पट्ट्यावर फिरणारा सेंट्रीफ्यूगल सुपरचार्जर, इंटरकूलर, आणि समोर चकचकीत झडप, हवा थेट बाहेर सोडणारी. म्हणाला, “काका, ॲक्सिलरेटर सोडला की कधी कधी इंजिनच बंद पडतं.” नागपूर रस्त्यावर तिलवारा घाटाच्या पुलाआधी त्याने पाय काढला आणि इंजिन बंद. मागे ट्रक. इंजिन बंद झालं की ब्रेकच्या बूस्टरमध्ये साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोन वेळा ब्रेक हलका लागतो, मग पेडल दगडासारखं होतं. स्टिअरिंगही जड. ट्रकवाल्याने गाडी बाजूला काढली म्हणून हा मुलगा माझ्यासमोर उभा होता.

आता हे का झालं? बऱ्याच गाड्यांत एअर फिल्टरच्या पुढे हवा मोजणारा सेन्सर असतो. तो कॉम्प्युटरला सांगतो, इतकी हवा आत आली, तेवढं पेट्रोल सोड. पाय काढल्यावर झडप उघडली आणि मोजलेली हवा बॉनेटखाली सोडून दिली. कॉम्प्युटरला ते कळलं नाही. त्याने पेट्रोल सोडलं, हवा मात्र पोचली नाही. मिश्रण इतकं दाट झालं की इंजिन गुदमरलं. अशा गाडीत झडपेतून सुटलेली हवा पाईपने परत फिरवायची, मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढे आणि सुपरचार्जरच्या तोंडाच्या अलीकडे. पाईप जोडताना तो प्रवाहाच्या दिशेने तिरका घ्या. नाहीतर परतलेली हवा उलटी सेन्सरवर आपटते आणि तोच घोळ दुसऱ्या वाटेने होतो.

काही गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर नसतो, मॅनिफोल्डमधला दाब बघून पेट्रोल ठरतं. तिथे हवा बाहेर सोडली तरी इंजिन गुदमरत नाही. म्हणून पहिला प्रश्न हाच: तुमची गाडी हवा मोजते की दाब मोजते? दुकानदाराने हा प्रश्न न विचारता झडप पुढे केली, तर पाकिटात हात घालू नका.

आता खरी गंमत. टर्बोच्या गाडीवरचे सल्ले सुपरचार्जरला जसेच्या तसे चालत नाहीत. टर्बो धुराच्या जोरावर फिरतो. सिग्नलला धूर थोडा, म्हणून टर्बो जवळपास दाब बनवतच नाही. सुपरचार्जर क्रँकला पट्ट्याने बांधलेला. इंजिन चालू आहे तोवर तो फिरणारच, तुम्हाला हवा हवी असो वा नसो. सिग्नलला थ्रॉटल बंद, आणि हा मागून हवा ढकलतोच आहे. म्हणजे टर्बोत झडपेचं काम पाय काढल्यावरचा एक क्षण. सुपरचार्जरमध्ये तिचं काम दिवसभर: आयडलिंगला, गल्लीत, साठच्या संथ वेगात. ती वाट मोकळी नसेल तर हवा पंख्याच्या पात्यांवर उलटते, खडखड-फडफड असा आवाज येतो, पट्टा आणि बेअरिंगवर मार बसतो, आणि हवा उगाच तापते. आमच्याकडे मे महिन्यात सावलीत ४४ अंश असतं. त्यात आणखी तापवून इंजिनला द्यायची का?

स्प्रिंगचं गणित साधं आहे, घाबरू नका. झडपेच्या वरच्या बाजूला मॅनिफोल्डचा दाब असतो, खालच्या बाजूला सुपरचार्जरनंतरच्या पाईपातला. दोन्हीकडचा फरक स्प्रिंगपेक्षा जास्त झाला की झडप उघडते. व्हॅक्यूमच्या गेजवर पाऱ्याचे इंच असतात. साधारण दोन इंच म्हणजे एक पीएसआय.

या मुलाच्या झडपेत ९ पीएसआयची स्प्रिंग होती, म्हणजे १८ इंच. मुंबईत आयडलिंगला त्याचं गेज १९ दाखवायचं, म्हणजे झडप कशीबशी उघडायची. इथे १७.५. कारण गाडी बिघडली असं नाही. जबलपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंच आहे, आणि दर ३०० मीटरला गेज जवळपास एक इंच कमी दाखवतं. बाहेरची हवाच विरळ, तर फरक कमी दिसणारच. एसी लावला की तो आणखी घसरतो.

आता हीच गाडी शहरात संथ चालतेय असं धरा. मॅनिफोल्डमध्ये १२ इंच व्हॅक्यूम, म्हणजे ६ पीएसआय. स्प्रिंग ९ ची. उरलेले ३ पीएसआय सुपरचार्जरने स्वतः तयार केल्याशिवाय झडप उघडतच नाही. म्हणजे गोरखपूर बाजारातून रांगत जाताना तुमचं पेट्रोल ३ पीएसआयचा दाब नुसता धरून ठेवण्यात जातंय. आम्ही ५ पीएसआयची स्प्रिंग टाकली. दहा इंचालाच झडप मोकळी.

इथे प्रत्येकजण एकच शंका काढतो: “इतकी मऊ स्प्रिंग, मग पूर्ण दाबात गळणार नाही का?” नाही गळत. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की थ्रॉटल उघडा असतो. जो दाब खाली तोच नळीतून वर येऊन झडपेला बंद धरतो. स्प्रिंगला फक्त थ्रॉटलपाशी पडणारा थोडासा फरक सांभाळायचा असतो. दहा पीएसआय बूस्टला दहाची स्प्रिंग लागते हा गैरसमज फार महाग पडतो.

पण यात एक अट आहे. वर दाब नेणारी ती बारीक नळी धड हवी. ती थ्रॉटलनंतर, थेट मॅनिफोल्डवरून घ्या, आखूड ठेवा, दोन्ही टोकांना क्लिप लावा. ब्रेक बूस्टरच्या नळीत टी मारून घेऊ नका. ती टी निसटली तर झडप गळते एवढ्यावर भागत नाही, ब्रेकही जातो. आणि नळी सिलिकॉनची घ्या, साधं रबर इंजिनच्या तापाने दोन उन्हाळ्यांत तडकतं.

पिस्टनची झडप की पडद्याची? पडद्याची मऊ चालते, पण पडदा फाटला की कळायला वेळ लागतो. गाडी नुसती ढिली वाटते. पिस्टनची टिकते, पण तेलाची वाफ आणि धूळ मिळून तिथे चिकट लेप बसतो आणि पिस्टन अडकतो. भेडाघाटच्या बाजूला राहणारे ही धूळ ओळखतात, संगमरवराची पांढरी भुकटी सगळीकडे. मी पिस्टनची लावतो आणि वर्षातून एकदा खोलून पुसतो. बाहेर सोडणारी झडप आयडलिंगला उघडी राहिली तर कधी कधी तिच्यातून हवा उलटी आत ओढली जाते, फिल्टरशिवाय. म्हणून दाब मोजणाऱ्या गाडीतही माझा कल हवा परत फिरवण्याकडेच आहे.

झडपेचा आकार बरोबर आहे की नाही हे कॅटलॉगवरून ठरवू नका. सुपरचार्जर आणि थ्रॉटल यांच्यामध्ये एक साधं दाबाचं गेज लावा. आयडलिंगला आणि साठच्या संथ वेगात काटा शून्याजवळ हवा. दोन-तीन पीएसआय दाखवत असेल तर झडप लहान आहे किंवा उघडत नाहीये. शंभर जाहिरातींपेक्षा हे गेज खरं बोलतं.

आता जोंगाबद्दल, कारण जबलपूरमध्ये बसून त्याशिवाय उठता येणार नाही. जोंगा हे नावच आमच्या गावाचं: जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेम्ब्ली. निस्सान पेट्रोलवरून बनवलेली, १९६९ पासून १९९९ पर्यंत इथल्या व्हेईकल फॅक्टरीत तयार झाली. सहा सिलिंडर, ३९५६ सीसीचं पेट्रोल इंजिन, वर कार्ब्युरेटर. लिलावात घेतलेली अशी एक गाडी घेऊन एक गृहस्थ आले. त्यांना रूट्स पद्धतीचा सुपरचार्जर बसवायचा होता, कार्ब्युरेटर त्याच्या आधी, आणि वर ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह.

मी हात जोडले. रूट्स बंधूंनी तो ब्लोअर १८६० च्या सुमारास काढला, आणि तो भट्ट्यांना हवा द्यायला वापरात आला. तिथे त्यातून नुसती हवा जायची. इथे कार्ब्युरेटर आधी असल्यामुळे ब्लोअरमधून पेट्रोलची वाफ जाते. झडप उघडली की ती वाफ बॉनेटखाली, गरम एक्झॉस्टच्या शेजारी. आग लागायला आणखी काय पाहिजे? शिवाय थ्रॉटलही ब्लोअरच्या आधीच असतो. पाय काढला की येणारी वाटच बंद होते, मागे अडकून दाब बनवायला काही उरतच नाही. अशा रचनेत ब्लो-ऑफ व्हॉल्व्हला कामच नाही. लागते ती वेगळी वस्तू: मॅनिफोल्डवर जाड स्प्रिंगची सुरक्षा झडप. इंजिनने उलटा बार काढला तर ती क्षणभर उघडून ब्लोअर फुटण्यापासून वाचवते. तिच्यावर पत्र्याचं झाकण हवं, कारण त्यातून ज्वाळ येते. दोन्हींना बाजारात एकाच नावाने विकतात, म्हणून सांगतोय. त्या गृहस्थांनी शेवटी जोंगा होती तशीच ठेवली.

डिझेलवाल्यांसाठी एकच वाक्य: बहुतेक डिझेल इंजिनांत पाय काढल्यावर हवेची वाट बंद होत नाही, त्यामुळे ही झडप लावून फक्त आवाजच मिळतो. आणि कारखान्यातून सुपरचार्जर लावून आलेली गाडी असेल, जुनी मर्सिडीज कॉम्प्रेसर वगैरे, तर हवा परत फिरवणारी झडप त्यात आधीच असते. ती काढून बाहेर सोडणारी लावू नका. आरसी बुकातल्या नोंदीशी गाडी जुळत नसेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, हेही काम सुरू करण्याआधी बघून ठेवा. अपघातानंतर विमा कंपनी ते बघतेच.

तो सेडानवाला मुलगा परवा अमरकंटकला गेला होता. उंची हजार मीटरच्या वर. तिथून फोन केला: “काका, आयडलिंगला साडेपंधरा इंच दाखवतंय, आणि मधलं गेज शून्यावर. एकदाही बंद पडली नाही.” मग थोडं थांबून म्हणाला, “पण आवाज काहीच येत नाही हो.”