गावाला जाण्याचा हिशेब

(कोइमतूर येथे रविवार, 27 जुलै 2025 रोजी मराठी खातेदारांच्या मेळाव्यात बँक अधिकाऱ्याने केलेले भाषण)



बँकेची बाई आज रेल्वेवर बोलणार म्हटल्यावर काहींना नवल वाटले असेल. पण काउंटरवर बसून मी एक गोष्ट पाहिली आहे. आपल्याकडच्या ठेवी मुदतीआधी मोडतात त्या लग्नासाठी किंवा आजारपणासाठी, आणि तिसरे कारण म्हणजे गावाला जाणे. विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईची मंडळी इथे आहेत, तशीच ती देशभर कित्येक शहरांत आहेत. सगळ्यांचे बोलणे एकच: "मॅडम, रेल्वे आता परवडत नाही. बसच बरी." कोणी म्हणते, "आणखी थोडे घातले की विमान येते." हे कितपत खरे आहे, ते आज कागद-पेन्सिल घेऊन बघू.

भाडे वाढले, पण किती?

याच महिन्याच्या 1 तारखेपासून रेल्वेचे भाडे वाढले. मेल-एक्सप्रेसच्या बिगर वातानुकूलित डब्यांना किलोमीटरमागे 1 पैसा आणि वातानुकूलित डब्यांना 2 पैसे. इथून गाडीने पुणे साधारण 1,500 किलोमीटर धरा. स्लीपरला माणशी 15 रुपये वाढले, थर्ड एसीला 30 रुपये. चार माणसांच्या घराला स्लीपरचे जाऊन-येऊन 120 रुपये जास्त. एवढ्याने कोणाची ठेव मोडत नाही.

मग पैसे जातात कुठे? उशिरात.

तत्काळ तिकीट प्रवासाच्या आदल्या दिवशी सुटते, एसीचे सकाळी 10 वाजता आणि बाकीच्यांचे 11 वाजता. त्याचा जादा आकार मूळ भाड्याच्या 30 टक्के, पण त्याला खालची आणि वरची मर्यादा आहे. स्लीपरला 100 ते 200 रुपये, थर्ड एसीला 300 ते 400 रुपये. प्रीमियम तत्काळमध्ये तर जागा विकल्या जातील तसे भाडे चढत जाते. राजधानी, शताब्दी, दुरांतो या गाड्यांत 2016 सालापासून हीच चढती पद्धत आहे. आधी घेणाऱ्याला मूळ भाडे, उशिरा घेणाऱ्याला जास्तीत जास्त 1.4 पट.

आणखी दोन गोष्टी घरच्या हिशेबात धरा. एप्रिल 2016 पासून पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे पडते. आणि मार्च 2020 पासून ज्येष्ठांची सवलत बंद आहे. पूर्वी 58 वर्षांवरील बाईला 50 टक्के आणि 60 वर्षांवरील पुरुषाला 40 टक्के सूट होती. आजी आणि दोन नातवंडे बरोबर असलेल्या घराला "रेल्वे महागली" असे वाटते ते यामुळे. ते वाटणे खोटे नाही.

चार वाटा, एक कुटुंब

आता एक उदाहरण घेऊ. नवरा, बायको, शाळेत जाणारी दोन मुले, दिवाळीला इथून विट्याला जाऊन-येऊन. भाडे मी हिशेबाच्या सोयीसाठी गोळाबेरीज धरते. तुम्ही आपापले खरे आकडे घाला.

वेळेवर काढलेले स्लीपर: माणशी 700 रुपये. आठ तिकिटांचे 5,600.

तत्काळचे स्लीपर: माणशी 900 रुपये. एकूण 7,200. पण सणाच्या दिवसांत ते काही मिनिटांत संपते आणि आपण उरलेले घेतो.

तत्काळचे थर्ड एसी: माणशी 2,200 रुपये. एकूण 17,600.

खाजगी स्लीपर बस, सणाच्या दराने: माणशी 2,500 रुपये. एकूण 20,000.

स्वतःची किंवा मित्राची गाडी: डिझेल आणि टोल धरून एका बाजूचे 9,000 रुपये. एकूण 18,000.

विमान: माणशी 6,000 रुपये. एकूण 48,000. त्यावर विमानतळाची टॅक्सी वेगळी. बहुतेक साध्या तिकिटांत देशांतर्गत प्रवासाला माणशी 15 किलोच सामान चालते, हेही ध्यानात ठेवा.

बघा, या यादीत रेल्वे सगळ्यांत स्वस्तही आहे आणि महागातल्या बसच्या जवळही आहे. गाडी तीच आणि रूळही तेच. वेळेवरचे स्लीपर आणि तत्काळचे थर्ड एसी यांत 12,000 रुपयांचा फरक आहे. डबा वेगळा आहे हे खरे, पण एसीत बसायचे म्हणून आपण ते घेतलेले नसते. दुसरे काही उरले नाही म्हणून घेतलेले असते.

दिवसाची किंमत

रेल्वे नेहमीच स्वस्त, असेही मी म्हणणार नाही. आपली गाडी बंगळूरू, गुंतकल, सोलापूर असा वळसा घेऊन पुण्याला जाते. सोलापूर किंवा पुण्याला उतरून पुढे एसटी धरावी लागते. बस हुबळी, बेळगाव, कोल्हापूर अशी सरळ जाते. वेळ वाचतो आणि वेळेलाही किंमत असते.

ती काढायची रीत सोपी आहे. दोन्ही भाड्यांतला फरक काढा. त्याला वाचलेल्या दिवसांनी भागा. येणारा आकडा तुमच्या रोजच्या कमाईपेक्षा जास्त असेल तर रेल्वे घ्या, कमी असेल तर बस घ्या.

समजा एकटा कारागीर जातो. स्लीपरचे जाऊन-येऊन 1,400, बसचे 5,000. फरक 3,600. बसने एक दिवस वाचला. त्याची रोजची मजुरी 800 असेल तर त्याने 800 वाचवायला 3,600 घातले. त्याला रेल्वेच बरी. पण दुकानमालकाचे दुकान बंद राहिले की दिवसाचे 4,000 बुडत असतील, तर त्याला बस स्वस्त पडली. दोघे शेजारी राहतात म्हणून दोघांचा हिशेब एक होत नाही. शेजाऱ्याला विचारून प्रवास ठरवू नका.

एक खरी गोष्ट

नाव सांगत नाही. गेल्या वर्षी एका शुक्रवारी बँक बंद व्हायच्या वेळेला एक खातेदार आले, बरोबर पत्नी होती. गावाकडे वडिलांना दवाखान्यात हलवले होते. त्याच रात्री निघायचे होते. रेल्वेत जागा नव्हती, बसला चौघांचे 10,400 रुपये. परतीचे तत्काळ आणि वरखर्च धरून 19,000 लागणार होते. खात्यात 2,000 होते. पत्नीच्या नावावर मुलीच्या कॉलेजसाठी 50,000 रुपयांची एकच मुदत ठेव होती.

मी त्यांना ठेवीवर कर्ज सुचवले. ते म्हणाले, "नको, कर्ज नको. मोडूनच टाका." अशा वेळी माणसाला समजावत बसता येत नाही. ठेव मोडली. मुदतीआधी मोडल्यामुळे जितके दिवस ठेव राहिली तितक्याच मुदतीचा व्याजदर मिळाला आणि त्यातूनही दंड वजा झाला.

वडिलांची भेट झाली, हे चांगले झाले. ते गेले तेव्हा मुलगा जवळ होता. त्या 19,000 बद्दल मला काहीच म्हणायचे नाही. ते खर्च करण्यासाठीच पैसा असतो. मला बोलायचे आहे ते उरलेल्या 31,000 बद्दल. ते बचत खात्यात आले आणि पुन्हा ठेवीत गेलेच नाहीत. कधी गॅस, कधी मोबाइल, कधी पाहुणे. यंदा जूनमध्ये मुलीच्या प्रवेशाच्या वेळी पत्नी माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, ते पैसे कुठे गेले तेच कळले नाही."

ही चूक एकट्या त्यांची नाही. ठेव करून देताना आम्हीही दोन शब्द जास्त बोलायला हवे होते. म्हणून आज बोलते आहे.

काय करायचे

पहिले काम, मोठी ठेव एकच करू नका. 50,000 असतील तर 10,000 च्या पाच पावत्या करा. 19,000 लागले तर दोन मोडतील, तीन जागच्या जागी राहतील. बहुतेक बँकांत त्याच मुदतीच्या पाच पावत्यांना व्याज एका पावतीइतकेच मिळते. चौकशी करून घ्या.

दुसरे, अचानक गरज पडली तर ठेव मोडण्याआधी ठेवीवरील कर्ज विचारा. ठेवीच्या रकमेच्या बऱ्याच मोठ्या भागापर्यंत ते मिळते. व्याज साधारणतः ठेवीच्या दरापेक्षा एक ते दोन टक्के जास्त असते. दोन-तीन महिन्यांत फेडणार असाल तर ठेव मोडण्यापेक्षा ते बहुधा स्वस्त पडते आणि ठेवही जिवंत राहते.

तिसरे, गावखर्चाचे वेगळे आवर्ती खाते उघडा. महिना 1,000 रुपये, बारा महिने. 6 टक्के दर धरला तर 12,000 वर सुमारे 390 रुपये व्याज. यात वेळेवरचे 5,600 चे स्लीपर, वाटेतले जेवण आणि एसटी सगळे बसते. उरलेले अचानक प्रवासासाठी बाजूला राहतात. हप्ता पगाराच्या किंवा वसुलीच्या दुसऱ्या दिवशी आपोआप वळता होईल अशी सूचना बँकेला द्या.

चौथे, तारीख उलटी मोजा. गेल्या नोव्हेंबरपासून आरक्षण 60 दिवस आधी सुरू होते, पूर्वीसारखे 120 दिवस आधी नाही. यंदा वसुबारस 17 ऑक्टोबरला आहे. त्या दिवशीच्या गाडीचे तिकीट 18 ऑगस्टला सकाळी 8 वाजता सुटेल. आज 27 जुलै. म्हणजे तुमच्या हातात तीन आठवडे आहेत. घरी गेल्यावर कॅलेंडरवर 18 ऑगस्टला गोल करा. परतीचाही दिवस मोजून दुसरा गोल करा.

पाचवे, जाणे रद्द होणार असेल तर तिकीट वेळेत रद्द करा. जुलै 2025 च्या नियमाप्रमाणे निश्चित तिकीट गाडी सुटण्याच्या 48 तासांहून आधी रद्द केले तर स्लीपरला माणशी 120 आणि थर्ड एसीला 180 रुपये कापतात. 48 ते 12 तासांत 25 टक्के, 12 ते 4 तासांत 50 टक्के, त्यानंतर काहीच परत नाही. निश्चित तत्काळ तिकिटाचे पैसे रद्द केल्यावर मिळत नाहीत. म्हणून तत्काळ काढताना "जाणार की नाही" हे आधी पक्के करा.

सहावे, या 1 जुलैपासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी रेल्वेच्या खात्याला आधारची पडताळणी लागते. दुःखाची बातमी आल्यावर ओटीपी शोधत बसू नका. पडताळणी आजच करून ठेवा.

दोन धोके

"आत्ता प्रवास, नंतर पैसे" असे सांगणाऱ्या ॲपवर तिकीट काढताना व्याज आणि उशिराचा आकार वाचा. महिन्याला साडेतीन टक्के ऐकायला लहान वाटते, पण वर्षाचे ते 42 टक्के होतात. 17,600 चे तिकीट त्या दराने सहा महिने थकले तर साध्या व्याजानेच 3,696 रुपये वर जातात.

दुसरा धोका फोनचा. तिकीट रद्द केले की काही जणांना "रिफंड देतो" म्हणून फोन येतो. ॲप टाका, स्क्रीन दाखवा, पिन घाला, असे सांगतात. रिफंड तुम्ही ज्या खात्यातून पैसे भरले तिथेच आपोआप येतो. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन घातला की पैसे जातात. फसलात तर लाजू नका. लगेच 1930 वर फोन करा आणि शाखेला कळवा. रेल्वेची चौकशी 139 वर होते.

मंडळी, गाव दूर आहे, ते जवळ येणार नाही. आईवडिलांची वये वाढत आहेत. बातमी कधी येईल ते आपल्या हातात नाही. पण बातमी आली त्या रात्री खिशात तिकिटाचे पैसे असावेत आणि मुलीच्या कॉलेजची पावती कपाटात तशीच राहावी, एवढे आपल्या हातात आहे.

मेळावा संपल्यावर मी बाहेरच्या टेबलावर आहे. आवर्ती खात्याचे अर्ज आहेत, पेनही आहे. आधार आणि पासबुक आणले असेल तर आजच खाते उघडून देते. नसेल तर सोमवारी या.