अक्षर हाताला येतें, कुळाला नव्हे
(खडवली येथें पालकांच्या सभेंत केलेलें भाषण)



आपलें पोर लिहावयास-वाचावयास कसें शिकतें, कोठें अडतें व अडलें म्हणजे घरच्यांनीं काय करावें, एवढेंच आज बोलावयाचें आहे.

गेल्या आषाढांत, लावणीच्या ऐन धांदलींत, एक शेतकरी बांधव आमच्याकडे आले. मुलगा दुसरींत. म्हणाले, "गुरुजी, आमचे घरान कोनाला अक्षर नाय आला, याला कवा येल? गुरां तरी राखील." आम्हीं पोराची पाटी पाहिली. अक्षरें वेडींवांकडीं होतीं, आणि 'पाणी' या शब्दाच्या जागीं 'पानी' होतें. बाप म्हणाला, "पाहा!" आम्हीं म्हटलें, "आतां आपणच नीट पाहा."

पहिली गोष्ट कानाची. आपल्याकडे आगरी-कुणबी घरांत 'ण' चा 'न' होतो व 'ळ' चा 'ल' होतो. पोरानें जें ऐकलें तेंच अचूक लिहिलें. आवाज ओळखून त्याचें अक्षर मांडणें, हाच लेखनाचा पाया आहे, आणि तो त्याला साधला होता! अशा पोराला जो हंसतो तो त्याची वाचा बंद करतो. आणि ज्याची वाचा बंद झाली तो वाचणार कसा? त्याला एवढेंच सांगावें, "तुझी बोली खरी आहे, पुस्तकांत मात्र 'पाणी' असें लिहितात."

दुसरी गोष्ट हाताची. पांच-सहा वर्षांच्या पोराच्या मनगटाचीं हाडें पुरतीं भरलेलीं नसतात. त्याला एकदम बारीक ओळींत लिहावयास बसविणें म्हणजे वासराला नांगराला जुंपणें होय. जुने लोक धुळीवर बोटानें अक्षरें गिरवीत, त्यांस धुळाक्षरें म्हणत. ती रीत शहाणपणाची होती. अगोदर राब, मग रोप, मग लावणी; तसेंच अगोदर हवेंत व धुळींत मोठें अक्षर, मग पाटी, मग वही. कणीक मळणें, तांदुळांतले खडे वेंचणें, मातीचे बैल करणें, यांनीं बोटें तयार होतात. म्हणजे जीं कामें आपल्या घरीं रोज चालतात, तींच लेखनाची तालीम आहेत. सहा-सात वर्षांपर्यंत एखादें अक्षर उलटें पडलें तर घाबरूं नका. पोर डावखुरें असेल तर त्याचा हात बदलूं नका.

तिसरी गोष्ट डोळ्यांची. ग, म, भ, न हीं अक्षरें आम्ही एकत्र शिकवितों, कारण त्यांचीं वळणें एकमेकांस जवळचीं आहेत. 'कि' म्हणतांना 'क' आधीं उच्चारतों, पण लिहितांना वेलांटी आधीं येते. येथें पोर थबकणारच. नवें पोर 'क-म-ळ' असें सुटें सुटें वाचतें, आणि शेवटच्या अक्षराशीं येईपर्यंत पहिलें विसरतें. म्हणून तोच धडा पुनःपुन्हा वाचावा लागतो, म्हणजे शब्द एका नजरेंत ओळखूं येतो. मात्र पाठांतराला भुलूं नका. पुस्तक उलटें धरूनही कांहीं पोरें धडा घडाघडा म्हणतात! मधल्याच एका शब्दावर बोट ठेवा व विचारा, खरें-खोटें तेव्हांच कळेल.

जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें मागितलें होतें कीं, निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, त्यांत मोडी व बालबोध लेखन, वाचन व हिशेब असावे, आणि प्रसंगीं नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हातीं धरण्याची ज्यास लाज वाटणार नाहीं, असा शिक्षक असावा. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा देशांत अंमलांत आला १ एप्रिल २०१० रोजीं. मध्यें १२८ वर्षें गेलीं! कोसबाडला ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं गुरें राखणाऱ्या आदिवासी पोरांसाठीं कुरणांतच शाळा भरविली. शाळा पोराकडे गेली, आणि गुराख्यालाही अक्षर आलें. मग कूळ आडवें आलें कोठें?

त्या बांधवांनीं मुलाला ठेवलें. दिवाळीच्या सुमारास आम्ही त्याला घेऊन स्टेशनावर गेलों. पाटीकडे पाहून तो म्हणाला, "र... व... ड... व... ली." थांबला, कपाळाला आठी घातली, आणि एकदम ओरडला, "खडवली!" डोळ्यानें 'ख' चे दोन तुकडे केले होते, गांवाच्या नांवानें ते जोडले. अर्थानें डोळ्याची चूक सुधारणें, याचेंच नांव वाचन. शेजारीं बाप उभा होता. तो कांहीं बोलला नाहीं, पण दुसऱ्या दिवशीं घरचा सातबारा घेऊन शाळेंत आला व म्हणाला, "ह्याला ह्यो पन शिकवा."

बांधवांनो, आजवर अंगठ्यानें आपलें पुष्कळ नेलें आहे. कागदावर काय लिहिलें आहे हें ज्याला कळत नाहीं, त्याची जमीन त्याच्या देखत दुसऱ्याची होते. म्हणून मागणें एवढेंच: लावणीला व कापणीला पोराचें नांव काढूं नका. रोज दहा मिनिटें त्याच्याजवळ बसा. आपणांस वाचतां येत नसेल तरी चालेल. "काय वाचलंस तें मला सांग" एवढें म्हणा. मुलगा असो वा मुलगी, दोघांसही तेंच. चुकलें तर मारूं नका, जमलें तर शाबासकी द्या.

बाकीचें काम आमचें. तें आम्ही न केल्यास आम्हांस जाब विचारा. तो आपला हक्क आहे.